न हललेली रेघ

मला मराठी लिहायला जिजींनी शिकवलं. आमचं घर मराठी. पणजोबा देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या पागेत होते असं सांगतात. पण माझी शाळा सगळी हिंदीत झाली. आईशी मराठी, ओट्यावर आलो की हिंदी, आणि कुणाशी जुंपलीच तर माळवी, असा आमचा कारभार. मराठी वाचायची वेळ फक्त लग्नपत्रिका आली की यायची. अशा माणसाच्या हातात एका बाईंनी जाड वही ठेवली आणि सांगितलं, भट्टीत आणि पेटीत जे जे होईल ते यात रोज लिहायचं, आणि मराठीत लिहायचं.

मी म्हटलं, इंग्रजीत लिहितो, त्यातले चार शब्द येतात. त्या म्हणाल्या, "इंग्रजीत तुम्ही पुस्तकात असतं ते लिहाल, अरुणभिया. मला तुम्हाला दिसलं ते हवंय."

त्या म्हणजे डॉक्टर शालिनी तांबट. सगळे त्यांना जिजी म्हणत, कारखान्याच्या फाटकावरच्या शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत. आणि त्या सगळ्यांना अहो-जाहो करत. संडास धुवायला येणाऱ्या बाईलाही "अहो, जरा थांबता का" म्हणत. एकट्या निकिताला तेवढं अगंतुगं होतं. निकिता आमच्याकडे पीएचडी करणारी मुलगी, धारकडच्या राजगढची. घरची माळवी-हिंदी बोलणारी, मराठी समजायचं पण बोलताना लाजायची. कारखाना इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बनवणारा, देवासच्या इंडस्ट्रियल एरियातला. त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, आणि त्यांत आम्ही तिघं: जिजी, निकिता आणि मी. मी म्हणजे भट्टी लावणारा, पेटी सांभाळणारा आणि दोघींनी सांगितलं ते करणारा.

आमचं काम काय हे मला घरी कधी धड सांगता आलं नाही. जिजी मात्र चहावाल्यालासुद्धा सांगायच्या. मोबाइलच्या बॅटरीत आत एक द्राव असतो, तो पेट घेतो. त्याच्या जागी चिनी मातीसारख्या टणक पदार्थाची एक चकती बसवायची. लिथियमचे कण त्या चकतीतून पलीकडे जाऊ शकतात. वीज जाऊ शकत नाही, तिला बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावं लागतं आणि जाताना ती आपला दिवा लावते. चकतीच्या दोन्ही अंगांना धातू. पंचाईत एवढीच, की घट्ट धातू आणि घट्ट चकती एकमेकांना पुरते टेकत नाहीत. मधे फटी राहतात. टेकलेल्या दोनचार ठिकाणांतूनच सगळी गर्दी घुसते, आणि त्या गर्दीत धातूची एक सुई तयार होऊन चकतीतून आरपार जाते. सुई पलीकडे पोचली की बॅटरी मेली. मग धातू वितळलेलाच ठेवला तर? तो आपणहून फटी भरून काढील. चहावाला मान हलवायचा आणि कट चहाचा ग्लास पुढे करायचा.

धातू आणि चकती जिथे भेटतात त्या जागेला पुस्तकात मोठा शब्द आहे. जिजी त्याला शीव म्हणत. गावाची शीव असते तशी. सकाळी आल्याआल्या चप्पल काढतानाच विचारायच्या, "शिवेवर काय चाललंय?" निकिताही तोच शब्द वापरायला लागली. एकदा इंदूरहून आलेल्या एका पाहुण्यासमोर ती इंग्रजीत बोलता बोलता "ऑन द शीव" म्हणून गेली. जिजी दिवसभर अधूनमधून हसत होत्या.

जिजी धारच्या. घराणं दरबाराबरोबर महाराष्ट्रातून आलेलं, भांडी घडवणारं. त्यांचे वडील शेवटपर्यंत कल्हई करायचे. देवासला त्यांनी एक खोली घेतली होती, टेकरीच्या पायथ्याशी. शनिवारी धारला जायच्या, सोमवारी परत. थोरल्या भावाला दादासाहेब म्हणत आणि भावजयीला वैनीबाई, त्यांच्या पाठीमागेसुद्धा. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या, बसचं तिकीट काढायचं राहून जावं तशा सुरात.

त्यांचे केस पुरुषासारखे बारीक कापलेले होते. त्याची गोष्ट अशी. लिथियमला पाणी चालत नाही, भडकतं. माझा पहिलाच महिना होता. पेटी म्हणजे आमची बंद काचेची कपाटवजा जागा. तिच्यात हवा नसते, दुसरा एक निवांत वायू भरलेला असतो, आणि भिंतीत बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून आत काम करायचं. मी तिथला कचरा बाहेर काढला आणि त्यात लिथियमचा एक तुकडा राहिला. तो ओल्या सिंकमध्ये पडला. जिजींनी मला ढकललं, वाळूची बादली उपडी केली, आणि तेवढ्यात त्यांचे एका बाजूचे केस गेले. मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी वाळू सारखी केली, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "लिहा. तुकडा केवढा होता, ज्योत कुठल्या रंगाची होती." मी लिहिलं. ज्योत लाल, पांढऱ्याकडे जाणारी. दुसऱ्या दिवशी त्या बसस्टँडजवळच्या न्हाव्याकडून सगळे केस कापून आल्या. धारला म्हणे अर्ध्या आळीला वाटलं, यांनी काही व्रत घेतलं. पुढे तेच बरं पडतं म्हणून त्यांनी ते तसेच ठेवले.

सात वर्षं आम्ही त्या शिवेवर होतो. वितळलेलं लिथियम चकतीला धरतच नव्हतं. तेलकट तव्यावर पाणी पळतं तसा त्याचा गोळा चकतीवरून इकडून तिकडे पळायचा. चकतीला हवा लागली की काही मिनिटांत तिच्यावर एक अदृश्य साय धरायची, ती लिथियमला जवळ येऊ देत नव्हती. जिजी पेटीत हात घालून एकेक चकती स्वतः घासायच्या. त्या कामाचं यंत्र होतं, पण ते त्यांना पटत नसे. घासताना डोळे मिटायच्या. म्हणायच्या, साय गेली की बोटाला कळतं.

मग त्यांना वडिलांची आठवण झाली. कल्हई करताना आधी तांब्यावर नवसागर टाकून ते साफ करायचं आणि मग कथील फिरवायचं. वडील एवढंच बघायचे, कथील पसरतंय की गोळा होतंय. पसरलं की म्हणायचे, धरली. जिजींनी लिथियममध्ये थोडं कथील घालून पाहिलं. ही काही एकदम सुचलेली जादू नव्हती, इतर ठिकाणीही लोक असं करून बघत होते. पण आमच्या चकतीवर तो गोळा पहिल्यांदा बसला, त्याच्या कडा खाली आल्या. निकितानं काचेवर नाक टेकवलं होतं. जिजींनी मला फक्त सांगितलं, "आधी लिहा, मग आनंद करा."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. आपल्याला हवं ते दिसायला लागलं की दोनदा बघायचं, हे त्यांनी आम्हा दोघांना इतक्यांदा सांगितलं होतं की आम्ही एकमेकांना चिडवताना ते वापरायचो.

एकेचाळीस नंबरची चकती लागली ती उन्हाळ्यात. दोन्ही अंगांना लिथियम आणि कथील, भट्टी दोनशे अंशांच्या वर, म्हणजे धातू वितळलेला राहील. ठरावीक वीज एकदा इकडून, एकदा तिकडून ढकलायची आणि त्याला किती जोर लागतो हे यंत्र कागदावर रेघेनं दाखवणार. जोर जेवढा कमी, रेघ तेवढी खाली, शीव तेवढी चांगली. पहिले दोन दिवस रेघ वरच होती आणि थरथरत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती एकदम खाली आली. मी वहीत लिहिलं: "आज दुपारी रेघ पायरी उतरल्यासारखी खाली बसली. आवाज नाही, वास नाही. त्यानंतर सरळ."

जिजींनी ते वाचलं. एरवी त्यांनी मला दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी त्यांनी माझ्या ओळीखाली आपल्या पेनानं एकच शब्द लिहिला. "धरलं." निकिताला हिंदीत म्हणाल्या, "पकड़ लिया, बेटा." निकिता रडायला लागली. मग मीही डोळे पुसले. जिजी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

ती रेघ चार महिने सरळ चालली. तोवर आमची चकती आठवडाभराच्या वर टिकली नव्हती. मोठे साहेब रोज एकदा येऊन रेघ बघून जायला लागले. मग पाहुणे यायला लागले. कारखान्यात छोटा समारंभ झाला, जिजींना शाल दिली, त्यांचा फोटो छापून आला, बारीक केसांसह. साहेबांनी वरच्या लोकांना कळवलं, मोठी खोली मंजूर झाली. निकितानं चार महिन्यांची ती रेघ आपल्या प्रबंधाच्या मधोमध घातली आणि प्रबंध विद्यापीठात दिला. तिच्या घरच्यांनी तिचं लग्न वर्षभर पुढे ढकललं होतं. आता त्यांनी तारीख धरली. सासरच्यांनी पत्रिकेत नावापुढे डॉक्टर लिहायचं ठरवलंय, असं ती लाजत सांगायची. त्या दिवसांत जिजी जरा गुणगुणायच्या. मी त्यांना आधी कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

एका रविवारी कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर बदलायचा होता, म्हणून दिवसभर वीज बंद राहणार होती. भट्टी थंड होणार हे ठरलेलंच होतं. मोजणारं यंत्र तेवढं इन्व्हर्टरवर ठेवलं होतं. मी सकाळपासून बसून होतो. दर अर्ध्या तासानं लिहीत होतो. दोनशे अंश, एकशे साठ, नव्वद. एकच्या सुमाराला भट्टीला हात लावता यायला लागला. मी लिहिलं: "भट्टी थंड. रेघ जागची हललेली नाही."

आणि मला आनंदच झाला. मला वाटलं, आता तर ही थंडीतही चालते.

जिजी त्या आठवड्यात एक दिवस आधीच धारहून आल्या त्या डबा घेऊनच. मी दारातच त्यांना ती बातमी दिली. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि रेघ पाहिली. मग भट्टीला हात लावला. मग पुन्हा रेघ पाहिली. मला वहीतले सगळे आकडे मोठ्यानं वाचायला सांगितले. मी वाचले. त्या स्टुलावर बसल्या.

"अरुणभिया," त्या म्हणाल्या, "थंड चकतीतून लिथियम इतक्या सहज जात नाही. गारठ्यात त्याला चालवत नाही. धातूही गोठलाय. रेघ वर जायला हवी होती, या कागदाच्या बाहेर जायला हवी होती."

मी म्हटलं, "मग काय जातंय?"

"नुसती वीज जातेय. आत तार तयार झालीय."

मला समजायला वेळ लागला. बॅटरी चार महिन्यांपूर्वीच मेली होती. सुई आरपार गेली होती, आणि तारेतून वीज जावी तशी त्या सुईतून वीज जात होती. जोर लागत नव्हता म्हणून रेघ खाली होती. तार झिजत नाही, म्हणून रेघ सरळ होती. शीव उत्तम जमली तरी रेघ अशीच दिसते आणि सगळं संपलं तरी अशीच दिसते. गरम असताना दोन्हींत फरक कळत नव्हता.

जिजींनी वही मागे उलटत नेली, तिसऱ्या दिवसापर्यंत. "धरलं" या शब्दावर बोट ठेवलं. "हे मी लिहिलं," म्हणाल्या.  डबा तसाच राहिला. संध्याकाळी मी तो त्यांच्या पिशवीत घातला तेव्हा त्याला अजून हाताची ऊब लागत होती, की मला तसं वाटलं.

निकिता लग्नाच्या तयारीसाठी घरी गेली होती, म्हणून सोमवारी आम्ही दोघांनीच पेटीत ती चकती कापली. पांढरट चकतीच्या आत, एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत, केसाएवढी काळी रेघ होती. ती जरा वाकडी गेली होती. जिजींनी भिंगातून ती बराच वेळ पाहिली आणि मला पाहायला दिली.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि हिंदीत जे सांगितलं त्यात एक शब्द चढ्या आवाजात नव्हता. चकती कापली गेली आहे. प्रयोग संपला असं समजू. चार महिने चालला म्हणून कागदावर आहे, तो राहू द्या. पुढच्या चकत्या खऱ्या निघतील, तेव्हा ही कुणाला आठवणार आहे? तुम्ही बोललात तर या खोल्या जातील, अरुण जाईल, आणि त्या मुलीचं काय होईल याचा विचार करा. जिजींनी दोन दिवसांची सुटी मागितली.

दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, राजगढला येता का. आम्ही बसनं गेलो. आधी निकिताला सांगायचं, मग बाकीच्यांना, असं त्यांनी ठरवलं होतं. वाटेत त्या एकदाच बोलल्या. मला विचारलं, "माझ्या जागी तुम्ही असता तर?" मी म्हटलं, मी गप्प बसलो असतो. त्यांनी मान हलवली, जणू ते उत्तर बरोबर होतं.

निकिताचं घर मोहनखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खाली कापडाचं दुकान आणि वर राहायचं. तिच्या आईनं आम्हाला पोहे दिले, जिजींना कुंकू लावलं, आणि लग्नाच्या साड्या दाखवायला काढल्या. जिजींनी एकेक साडी हातात घेऊन पाहिली. मग आई खाली गेली तेव्हा त्यांनी सांगितलं. सगळं, त्या थंड भट्टीपासून काळ्या रेघेपर्यंत. निकिता पलंगाच्या कडेवर बसली होती. तिनं काहीही विचारलं नाही. तिला आमच्यापेक्षा लवकर कळलं असावं.

मग ती म्हणाली, "जीजी, आपने ही कहा था, पकड़ लिया."

"हाँ," जिजी म्हणाल्या, "मैंने ही कहा था."

"तो मुझे क्यों बताने आईं? चुपचाप वापस ले लेतीं."

जिजी म्हणाल्या, प्रबंधावर नाव तुझं आहे, मागे घ्यायचा तर तूच घ्यायला हवा. मी तुला पुन्हा सगळं उभं करून देईन, एक दीड वर्षात. निकिता त्यांच्याकडे बघत राहिली. दीड वर्ष तर सोडाच, तिच्या घरचे तिला तीन महिनेही द्यायला तयार नव्हते. हे ती बोलली नाही, पण समोर साड्या उघड्या पडल्या होत्या. आम्ही निघालो तेव्हा ती जागची उठली नाही. तिची आई बिचारी जिन्यापर्यंत आली आणि लग्नाला आठ दिवस आधी यायचं, राहायलाच यायचं, असं जिजींना परत परत सांगत राहिली.

निकितानं प्रबंध मागे घेतला. त्या अर्जाची प्रत आमच्याकडे आली, तिच्यावर नुसती सही होती, बरोबर चिठ्ठी नव्हती. जिजींनी साहेबांना, आणि जिथे जिथे ती रेघ पाठवली होती तिथे सगळीकडे पत्रं लिहिली. प्रत्येक पत्रात एक वाक्य होतं: तिसऱ्या दिवशीची खूण वाचण्यात माझी चूक झाली. शाल परत करू का, असं त्यांनी साहेबांना विचारलं तेव्हा साहेबांनी तोंड फिरवलं.

निकिताचं लग्न ठरल्या तारखेला झालं. आम्हाला पत्रिका आली नाही. नंतर तिचा नंबर बदलला. जिजींनी तिला दोन पत्रं टाकली, त्यांचं उत्तर आलं नाही. ती आता गुजरातेत कुठेतरी आहे एवढं मला तिच्या घरच्या दुकानातल्या माणसाकडून कळलं. शिकवते का, काय करते, त्याला ठाऊक नव्हतं.

आमच्या खोल्या बंद व्हायला दोन महिने लागले. ते दोन महिने जिजी एकच काम करत होत्या. सात वर्षांच्या सगळ्या वह्या काढून त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतल्या. जिथे संशय येईल तिथे समासात पेन्सिलीनं फुली मारायची. आधी फुल्या तुरळक होत्या. मग पानागणिक झाल्या. मग मी बघितलं, कथिलाचं वजन, भट्टी लावल्याची वेळ, अशा गोष्टींवरही फुल्या येत होत्या. मी म्हटलं, जिजी, ही वेळ तर मी घड्याळात बघून लिहिलीय. त्या म्हणाल्या, "घड्याळ बरोबर होतं का?" मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते उत्तराची वाट बघत.

कारखान्यानं मला ठेवून घेतलं, माल पाठवायच्या खात्यात. वह्या रद्दीत निघाल्या, त्यांतली एक मी घरी आणली. जिजी धारला गेल्या. तिथे एका खासगी कॉलेजात त्यांना लगेच काम मिळालं, एवढ्या शिकलेल्या बाईला कोण नाही म्हणेल. पण ते दोन सत्रंसुद्धा टिकलं नाही. मला फोनवर दादासाहेबांनी सांगितलं. मुलांच्या प्रयोगाच्या वह्यांवर ती सही करत नाही, म्हणाले. मुलगा थर्मामीटर वाचून आकडा सांगतो, ही स्वतः बघते, मग आणखी दोघांना बोलावून बघायला लावते, आणि तरी सही करत नाही. परीक्षेच्या वेळी पन्नास मुलांच्या वह्या सहीविना राहिल्या. प्रिन्सिपॉलनी हात जोडले.

मी गेल्या वर्षी धारला गेलो होतो, एका नातेवाइकाच्या कामासाठी. दुपारी जिजींकडे गेलो. दादासाहेबांचं भांड्यांचं दुकान घराच्या पुढच्या भागात आहे, आता सगळं स्टील. जिजी आत बसल्या होत्या. बारीक केस पूर्ण पांढरे झाले होते. मला ओळखलं, माझ्या आईची चौकशी केली, मी मराठी लिहितो का विचारलं. बोलणं पहिल्यासारखंच होतं, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखं. मला बरं वाटलं. दादासाहेब उगाच घाबरवतात असं वाटलं.

मग वैनीबाई चहा घेऊन आल्या तेव्हा जिजींनी त्यांना विचारलं, गॅस बंद आहे ना. बंद आहे, त्या म्हणाल्या. जिजी उठून बघून आल्या. बसल्या. मला म्हणाल्या, "अरुणभिया, तुम्ही जरा बघता का?" मी बघून आलो, बंद होता. त्यांनी माझे आभार मानले. पाच मिनिटांनी त्यांनी दुकानातल्या दादासाहेबांना हाक मारून तेच विचारलं. वैनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा पुढे सरकवला. डॉक्टरांना दाखवलंय, डोळे अगदी चांगले आहेत, डोक्यातही काही नाही, असं दादासाहेबांनी मला बाहेर येऊन सांगितलं. बोलताना ते एका पातेल्याची कड रुमालानं पुसत होते.

मी जिजींना म्हटलं, जिजी, एक चकती चुकली. एवढंच झालं ना? सात वर्षांतली एक.

त्या म्हणाल्या, "चकती नाही चुकली. ती बिचारी दाखवत होती ते बरोबरच होतं." मग म्हणाल्या, "मला इतकं हवं होतं, भिया, की मला तेच दिसलं. आता मला जे दिसतं त्यात माझं हवं असणं किती आणि खरं किती, हे कसं ओळखायचं? तुम्ही सांगा. मी सगळ्यांना विचारते, कुणी सांगत नाही."

 मी चहा प्यायलो.

त्या मला बसस्टँडपर्यंत सोडायला आल्या. नको म्हटलं तरी आल्या. इंदूरची गाडी लागलेलीच होती, पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं. जिजींनी पाटी वाचली, त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. मग मला विचारलं, "इंदूरचीच आहे ना?" मी हो म्हटलं. त्यांनी कंडक्टरला विचारलं. तो हो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला, म्हाताऱ्या माणसांकडे बघून हसतात तसा. मी त्यांच्या पाया पडलो आणि आत चढलो. मागच्या बाकावर जागा मिळाली.

गाडी सुटली. मी मागच्या काचेतून पाहिलं, जिजी तिथेच उभ्या होत्या. मी हात केला, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. शेजारी पेरू विकणाऱ्या माणसाला त्या आमच्या गाडीकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या. त्यानं मान डोलावली. त्यांनी नमस्कार केला, आणि मग त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईकडे वळल्या.